म्हातारी रेघच बदलते

1973 साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशा शहराच्या कडेला मावांगदुई इथं एक कबर उकरली गेली. इसवी सन पूर्व 168 मध्ये बंद झालेली. आत रेशमी कापडावर लिहिलेले ग्रंथ निघाले. त्यातल्या एका मजकुरात म्हाताऱ्या कन्फ्यूशियसचं वर्णन आहे. गुरुजींना उतारवयात यी चिंग या कौल लावायच्या पुस्तकाचं असं वेड लागलं की घरी असले की ते त्यांच्या चटईवर, आणि गावाला निघाले की पिशवीत. हे बघून त्यांचा शिष्य झीगोंग वैतागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्याच्या अंगात नीती उरत नाही तो देवदेवस्कीकडे धावतो आणि ज्याची अक्कल चालत नाही तो सारखे कौल लावत बसतो, असं तुम्हीच शिकवलंत ना? मग आता हे काय?

गुरुजी आधी जरा गमतीशीर उत्तर देतात. शंभर वेळा कौल लावला तर सत्तर वेळा बरोबर येतो, म्हणतात. पण मग खरी गोष्ट सांगतात : मी त्यातला अर्थ शोधतो. मांत्रिक आणि मी चालतो एकाच वाटेनं, पोचतो मात्र वेगळ्या ठिकाणी.

कन्फ्यूशियस इसवी सन पूर्व 479 मध्ये गेला आणि हा मजकूर त्यानंतर बऱ्याच काळानं लिहिलेला, तेव्हा तो शब्दशः त्याच्या तोंडचा मानायचं कारण नाही. त्यानं ते पुस्तक खरोखर कितपत वाचलं यावरही अभ्यासकांत वाद आहेत. तरी चिनी परंपरेत हे चित्र घट्ट बसलेलं आहे. सिमा च्येन हा इतिहासकार तर सांगतो की पुस्तकाच्या बांबूच्या पट्ट्या ओवलेली चामड्याची वादी वाचून वाचून तीनदा तुटली.

असं हे यी चिंग. आपल्याकडे इंग्रजीतून वाचणारे त्याला ‘आय चिंग’ म्हणतात. यी म्हणजे बदल, चिंग म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथ. माझ्या हाती ते साठी उलटल्यावर आलं आणि पहिल्या वाचनात मला ओ की ठो कळलं नाही. ‘लहान कोल्हा, नदी जवळजवळ ओलांडली, शेपूट भिजली.’ बरं, मग? दोन-तीन वर्षं ते कपाटात पडून होतं. पुढं त्याची रचना कशी आहे ते कळलं आणि गाठ सुटली. म्हणून आधी रचना.

आपण शाळेत वृत्तं शिकलो. लघु-गुरू, U आणि आडवी रेघ. तीन-तीन अक्षरांचे गट पाडायचे, त्यांना गण म्हणायचं. प्रत्येक जागी लघु किंवा गुरू अशा दोनच शक्यता, म्हणून तीन अक्षरांचे गण होतात आठ : य, र, त, न, भ, ज, स, म. ‘यमाताराजभानसलगं’ घोकलेल्या कुठल्याही माणसाला यी चिंगचं निम्मं गणित आधीच येतं. लघुच्या जागी मधून तुटलेली रेघ ठेवा, तिला यिन म्हणतात. गुरूच्या जागी अखंड रेघ, ती यांग. तीन रेघांचे गट किती होणार? आठच. फरक इतकाच की आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, तर चिनी माणूस या रेघा एकीवर एक रचतो, खालून वर, घराच्या पायापासून माळ्यापर्यंत जावं तसं.

या आठ गटांना निसर्गातली नावं आहेत : आकाश, पृथ्वी, मेघगर्जना, पाणी, पर्वत, वारा, अग्नी, सरोवर. तिन्ही अखंड, म्हणजे आपला म गण, ते आकाश. तिन्ही तुटक, न गण, ती पृथ्वी. खाली दोन तुटक आणि वर एक अखंड, म्हणजे स गण (लघु, लघु, गुरू), तो पर्वत. य गण वारा होतो. र गण म्हणजे अखंड-तुटक-अखंड, तो अग्नी. आणि गंमत अशी की आपल्या जुन्या छंदशास्त्रातही र गणाची देवता अग्नीच मानलेली आहे. निव्वळ योगायोग. बाकीचे गण जुळवायला गेलात तर जुळत नाहीत.

आता एका गटावर दुसरा गट चढवा. आठ गुणिले आठ, चौसष्ट. सहा रेघांच्या अशा 64 आकृत्या, प्रत्येकीला नाव, एक छोटा निवाडा, आणि प्रत्येक रेघेला एकेक वाक्य, म्हणजे 384 वाक्यं. मूळ पुस्तक एवढंच. जर्मन गणिती लाइबनिझ याला 1703 साली, तो 56 वर्षांचा असताना, पेकिंगमधल्या बूव्हे नावाच्या जेझुइट पाद्र्याकडून या 64 आकृत्यांचा तक्ता मिळाला. आपण शून्य आणि एक वापरून जी अंकपद्धती मांडत आहोत ती इथं रेघांत काढून ठेवलेली आहे, असं त्याला वाटलं आणि तो हरखून गेला. चिनी लोकांनी त्या रेघांनी बेरीज-वजाबाकी कधी केली नव्हती, ती गोष्ट वेगळी.

रेघांच्याही आधी कौल लावला जायचा तो हाडांवर. सुमारे 3200 वर्षांपूर्वी, शांग राजवटीत, कासवाच्या पोटाकडचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड घ्यायचे, मागून खळगे कोरायचे आणि तिथं काहीतरी तापलेलं टेकवायचे. हाड तडकायचं. भेग बघून राजा उत्तर सांगायचा आणि ते सगळं त्याच हाडावर कोरून ठेवलं जायचं. पाऊस येईल का, राजाची दाढ का दुखते, कोणता पूर्वज रागावलाय. फू हाओ या राणीच्या बाळंतपणाबद्दलचं एक हाड आहे. प्रश्न, राजाचं भाकीत, आणि शेवटी निकाल : एकतिसाव्या दिवशी बाळंत झाली, शुभ झालं नाही, मुलगी झाली. हे वाक्य आपल्याला परकं वाटत नाही, याची लाज वाटते. ही हाडं पुढं ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून औषधाच्या दुकानांत कुटून विकली जात होती. 1899 मध्ये वांग यिरोंग या बीजिंगच्या विद्वानानं त्यावरची अक्षरं ओळखली तेव्हा कुठं जगाला त्यांचा पत्ता लागला.

इसवी सन पूर्व 1046 च्या सुमारास शांग जाऊन झोऊ आले. परंपरा सांगते की झोऊंचा राजा वेन यानं शांगांच्या कैदेत असताना 64 आकृत्या लावल्या आणि त्याच्या मुलानं रेघांची वाक्यं लिहिली. आजचे अभ्यासक मूळ मजकूर इसवी सन पूर्व नवव्या शतकाच्या आसपासचा आणि अनेक हातांचा मानतात. त्याला पुढं ‘दहा पंख’ नावाची टीका जोडली गेली. इसवी सन पूर्व 213 मध्ये छिन सम्राटानं पुस्तकं जाळायचा हुकूम काढला, त्यातून हे सुटलं. का, तर कौल लावायचं चोपडं म्हणून. आणि इसवी सन पूर्व 136 मध्ये हान राजवटीनं त्यालाच राज्यमान्य ग्रंथांत बसवलं. चोपडं म्हणून जगलं आणि शास्त्र म्हणून मिरवलं.

तर आकृती काढायची कशी? जुनी रीत यॅरो नावाच्या रानवनस्पतीच्या पन्नास वाळक्या काड्यांची. एक बाजूला ठेवायची, उरलेल्या 49 दोन ढिगांत वाटायच्या, चार-चारनं मोजायच्या, शिल्लक बोटांच्या बेचक्यांत धरायची. असं तीनदा केलं की एक रेघ मिळते, म्हणजे सहा रेघांना अठरा खेपा. अर्धा तास सहज जातो. सोपी रीत नाण्यांची. रुपयाची तीन नाणी घ्या. छापा पडला तर 3, काटा पडला तर 2. तिन्हींची बेरीज 6, 7, 8 किंवा 9 येणार. 7 म्हणजे अखंड रेघ, 8 म्हणजे तुटक. 9 ही अखंडच आणि 6 ही तुटकच, पण या दोन्ही बदलण्याच्या बेतात असलेल्या.

मला हे पुस्तक इथं पकडलं. 7 आणि 8 या रेघांना चिनी परंपरेत ‘तरुण’ म्हणतात, 6 आणि 9 ना ‘म्हातारी’. तरुण रेघ आहे तशी राहते. बदलते ती म्हातारी. आपल्या बोलण्यात नेमकं उलट असतं. ‘आता या वयात काय बदलणार!’ हे वाक्य मी स्वतः निदान शंभर वेळा म्हटलं असेल. चिनी विचार असा की जी गोष्ट पुरती पिकली ती आता आपल्या विरुद्ध टोकाकडे वळणार : ऐन दुपारनंतर सूर्य उतरायला लागतो, पौर्णिमेनंतर चंद्र. म्हणून भरात आलेली यांग रेघ तुटते आणि भरात आलेली यिन रेघ सांधते. आणि कौल लावताना वाचायचं असतं ते मुख्यतः म्हाताऱ्या रेघेचं वाक्य. तरुण रेघा फक्त चौकट देतात. उत्तर म्हातारी देते.

(नाण्यांच्या रीतीत दर रेघ म्हातारी निघण्याची शक्यता चारात एक. सहाही रेघा तरुण निघाल्या, असं साधारण 18 टक्के वेळा होतं. तेव्हा फक्त आकृतीचा निवाडा वाचायचा. काड्यांच्या रीतीतही चारात एकच, पण त्यात 9 ही 6 च्या तिप्पट वेळा येते. नाण्यांत दोघी सारख्या. यावरून जुन्या रीतीचे भोक्ते नाणीवाल्यांना कमी लेखतात. माझं गुडघेदुखीमुळं मांडी घालून काड्या मोजणं जमत नाही, मी नाणीवाला.)

एक कौल प्रत्यक्ष बघू. मी एका छोट्या वाचनालयाचा बावीस वर्षं कार्यवाह होतो. तीन-एक वर्षांपूर्वी नवीन मंडळी आली, त्यांना सगळी नोंद संगणकावर घ्यायची होती, आणि माझी जिथं तिथं कुरकुर चालू होती. प्रश्न कागदावर लिहिला : ‘काम सोडावं का?’ मग खोडला, कारण होय-नाहीचा प्रश्न या पुस्तकाला विचारायचा नसतो. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावतात, तिथं पाकळी उजवीकडून पडली तर होय, डावीकडून पडली तर नाही. ते उत्तर घेऊन माणूस घरी जातो. यी चिंग होय-नाही सांगत नाही, चित्र दाखवतं. म्हणून प्रश्न असा लिहिला : ‘वाचनालयाच्या बाबतीत मी आता कसं वागावं?’ एवढा बदल करायला मला वीस मिनिटं लागली, आणि खरं सांगायचं तर अर्धं काम तिथंच झालं. काम सोडायचं हे मनात ठरलेलंच होतं. कसं सोडायचं ते कळत नव्हतं.

वर्तमानपत्र पसरलं आणि नाणी टाकली. बायको भाजी निवडत होती.

“अहो, आता नाणी उडवून ठरवणार का?”

“ठरवत नाही गं, विचारतोय.”

“बावीस वर्षं झाली, पुरे करा म्हणून मी रोज सांगतेय. ते ऐकायला चीनला कशाला जायचं?”

पहिल्या खेपेला दोन छापे, एक काटा : 8, तुटक. ही सर्वांत खालची रेघ. दुसरी पुन्हा 8. तिसऱ्या खेपेला एक छापा, दोन काटे : 7, अखंड. चौथ्या खेपेला तिन्ही छापे. 9. म्हातारी. पाचवी 7, सहावी 7.

खालून वाचू. तुटक, तुटक, अखंड : स गण, पर्वत. त्यावर अखंड, अखंड, अखंड : म गण, आकाश. पर्वतावर आकाश ही 33 वी आकृती, तिचं नाव दुन, म्हणजे माघार. पर्वत कितीही वर गेला तरी आकाश आपलं लांबच राहतं; भांडत नाही, फक्त अंतर ठेवून असतं. आता म्हाताऱ्या चौथ्या रेघेचं वाक्य : ‘चांगली माघार. थोर माणसाला शुभ, क्षुद्र माणसाला नाही.’ आणि ही चौथी रेघ अखंडची तुटक झाली की वरचा गट लघु, गुरू, गुरू असा होतो. य गण, वारा. पर्वतावर वारा ही 53 वी आकृती, ज्येन, म्हणजे हळूहळू पुढं सरकणं. डोंगरावर सावकाश वाढणारं झाड. तिच्या रेघांत एक रानहंस पायरी-पायरीनं सरकतो : पाण्याच्या काठावर, खडकावर, माळावर, झाडावर, टेकडीवर.

म्हणजे मला काय मिळालं? ‘राजीनामा दे’ असं कुणी म्हटलं नाही. माघार या शब्दाला ‘चांगली’ हे विशेषण लागू शकतं, हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. माझ्या मनात माघार म्हणजे एका सभेत ताडकन उठून चाव्या टेबलावर आपटणं, असं काहीसं चित्र होतं (ते रंगवून रंगवून मला पाठ झालं होतं). पुस्तकातली क्षुद्र माणसाची माघार ती हीच. आणि दुसरी आकृती सांगत होती की जायचं ते एका दिवसात नको.

आता इथं कुणी म्हणेल, दुसरी कुठलीही आकृती आली असती तरी तुम्ही अर्थ लावलाच असता. लावला असता, मान्य. 1948 मध्ये अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं 39 विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचं विश्लेषण’ म्हणून एकेक कागद दिला. ते किती जुळतं याला त्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता, राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलून जुळवलेला. यी चिंगच्या वाक्यांतही असाच ऐसपैसपणा आहे, आणि जे लोक ‘पुस्तकानं माझं मन ओळखलं’ म्हणून भारावतात त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. नाण्यांना माझ्या वाचनालयाची काडीमात्र माहिती नव्हती. मला ती होती. मला हवं होतं ते रोजच्या विचारांच्या खोबणीबाहेरचं एक चित्र, जे मी स्वतः निवडलेलं नसेल. स्वतः निवडलं असतं तर सोयीचंच निवडलं असतं.

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याच्या पुढं जातो. स्वित्झर्लंडमध्ये बोलिंगेन इथं, शंभर वर्षांच्या नाशपातीच्या झाडाखाली बसून, यॅरोऐवजी बोरूच्या काड्या कापून तो तासन्‌तास कौल लावायचा. नाणी पडतात त्या क्षणाचं आणि माणसाच्या मनाचं काही नातं असतं असं त्याला वाटे. मला नाही पटत. पण 1949 मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, रिचर्ड विल्हेल्मच्या जर्मन भाषांतराच्या इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना त्यानं जे केलं ते फार लोभस आहे. त्यानं पुस्तकालाच विचारलं की तुला पाश्चात्त्य वाचकांपुढं आणतोय, तुझं काय म्हणणं? आली 50 वी आकृती, डिंग, यज्ञाच्या अन्नाचं काशाचं पातेलं, आणि तिची तिसरी रेघ : पातेल्याचा कान बदललाय, आतलं तितराचं मांस कुणी खात नाही. माझ्यात चांगलं अन्न आहे पण कुणी वाढूनच घेत नाही, अशी ही पुस्तकाची तक्रार युंगनं वाचली. लोक काय म्हणतील याची या वयात आता फारशी फिकीर नाही, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय, असंही तो तिथं सांगून टाकतो.

उतारवयाबद्दल या पुस्तकात थेट बोलणाऱ्या जागा आहेत. कौल न लावताही त्या वाचाव्यात. पहिलीच आकृती घ्या, सहाही रेघा अखंड, आणि त्यांत एका ड्रॅगनची चढती भाजणी. पहिल्या रेघेत तो पाण्यात दडलेला, काही करू नकोस म्हणून सांगितलेला. मग शेतात दिसतो, डोहावर झेप घेतो, पाचव्या रेघेत आकाशात उडतो. सहाव्या रेघेत? ‘अति उंच गेलेला ड्रॅगन. पश्चात्ताप होईल.’ पाचवीवर थांबायला हवं होतं. निवृत्त होऊनही जुन्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा चहाला जाणारे आणि नव्या साहेबाला फायली कशा लावायच्या ते शिकवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

मला सर्वांत जवळची वाटते ती तिसाव्या आकृतीची तिसरी रेघ. आकृतीचं नाव ली, अग्नी, उजेड, अग्नीवर अग्नी. तिसरी रेघ म्हणजे खालच्या अग्नीचा शेवट, दिवस मावळतानाचा उजेड. वाक्य साधारण असं : ‘कलत्या सूर्याचा उजेड. मडकं वाजवून गात नाही, तर मग अति म्हातारपणाचा उसासा. अशुभ.’ मडकं वाजवणं हे त्या काळी साध्या माणसाचं संगीत. गोव्याच्या वाचकाला घुमट आठवेल. जेम्स लेगनं 1882 मध्ये याचा अर्थ सरळ लावला : गाणं सोडून हा ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा कण्हतोय, म्हणून वाईट. विल्हेल्म वेगळं वाचतो : लोक एक तर मडकं बडवून गातात, नाही तर म्हातारपण आलं म्हणून गळा काढतात, आणि दोन्ही वाईटच. एकच ओळ, दोन जाणते भाषांतरकार, आणि एक गाण्याच्या बाजूला, दुसरा दोन्हींच्या विरुद्ध. मला आधी लेग पटायचा. अलीकडे वाढदिवसांचे आणि सहलींचे फोटो टाकून ‘आयुष्य आता सुरू झालंय’ म्हणणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींचे संदेश सकाळी सहापासून यायला लागले, तेव्हापासून विल्हेल्मचंही थोडं पटतं. ज्वांगझी हा जुना चिनी तत्त्वज्ञ मात्र लेगच्या बाजूचा निघाला असता. बायको वारली तेव्हा मित्र सांत्वनाला आला, तर हा पाय पसरून भांडं बडवत गात होता, अशी त्याची प्रसिद्ध गोष्ट आहे.

अठ्ठाविसाव्या आकृतीत वाळलेल्या झाडाला पालवी फुटते. दुसरी रेघ : वाळल्या झाडाला खालून धुमारा, म्हाताऱ्याला तरुण बायको मिळते, सगळं लाभाचं. पाचवी रेघ : वाळल्या झाडाला फूल, म्हातारीला तरुण नवरा मिळतो, ना दोष ना कौतुक. टीकाकारांनी धुमारा टिकतो आणि फूल गळतं म्हणून फरक केलाय वगैरे सांगितलं आहे. असेल. पण तीन हजार वर्षांपूर्वीही म्हाताऱ्याला एक माप आणि म्हातारीला दुसरं, हे काही झाडावर ढकलता येत नाही. जुनं पुस्तक म्हणून त्यातलं सगळं डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

सत्ताविसावी आकृती कागदावर काढून बघा. वर एक अखंड रेघ, खाली एक अखंड, मधल्या चारही तुटक. उघडं तोंड दिसतं, वरचा जबडा, खालचा जबडा आणि दात. नावच यी, जबडा, अर्थात पोषण (पुस्तकाच्या नावातला यी वेगळा). टीका एका ओळीत आटोपते : बोलणं जपून, खाणं-पिणं बेतानं. तोंडात काय जातं आणि तोंडातून काय निघतं, दोन्ही या एका चित्रात. आमच्या डॉक्टरांनी पहिला अर्धा भाग सांगितलाय, दुसरा सुनेनं.

काही गोष्टी या पुस्तकाला विचारायच्या नाहीत. गाठ आहे ती कसली, शस्त्रक्रिया करावी का, गोळी बंद करावी का, मृत्युपत्र कुणाच्या नावानं करावं, मुदत ठेव मोडून कशात घालावी : यांतल्या प्रत्येकाला उत्तर देणारा माणूस आहे आणि त्याच्याकडे जायचं. पैसे घेऊन फोनवर यी चिंग सांगणारे आहेत, एकट्या राहणाऱ्या वयस्कर लोकांना ते बरोबर गाठतात, आणि एका कौलाचं दुसऱ्या कौलात, दुसऱ्याचं शांतीत रूपांतर करतात. पुस्तकाची स्वतःची सूचना याच्या उलट आहे. चौथ्या आकृतीच्या निवाड्यात ती स्वच्छ लिहिलेली आहे : पहिल्यांदा विचारशील तर सांगेन, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे अपमान, आणि अपमान करणाऱ्याला मी सांगत नाही. रात्री झोप येत नाही म्हणून त्याच काळजीवर पुन्हा पुन्हा नाणी टाकावीशी वाटली तर नाणी डब्यात ठेवून कुणाला तरी फोन करावा.

सुरू करायचं असेल तर तीन नाणी, एक वही आणि एक बरं भाषांतर पुरतं. वहीत तारीख, प्रश्न, सहा आकडे आणि म्हाताऱ्या रेघेचं वाक्य लिहा, अर्थ लगेच लिहू नका. चार-सहा महिन्यांनी ते पान पुन्हा उघडा. माझ्या वहीत सर्वांत जास्त शिकवलं ते कौलांनी नाही, माझ्याच प्रश्नांनी. पहिल्या वर्षीचे जवळजवळ सगळे ‘ते असं का वागतात’ या धर्तीचे होते. ‘मी’ हा शब्द वहीत यायला चौदा महिने लागले.

पुस्तकाचा क्रम बघितला तर त्रेसष्टावी आकृती आहे ‘पार झाले’. तीत प्रत्येक रेघ आपल्या योग्य जागी आहे (खालून मोजता विषम जागी अखंड, सम जागी तुटक), असा नीटनेटकेपणा चौसष्टांत दुसरीकडे कुठं नाही. कुणीही तिथं पुस्तक संपवलं असतं. पण त्यानंतर चौसष्टावी आहे, ‘अजून पार नाही’, आणि तीत एकही रेघ जागेवर नाही. शेपूट भिजलेला तो कोल्हा इथलाच. पहिल्या वाचनात मला न कळलेलं वाक्य पुस्तकाच्या या शेवटच्या निवाड्यातलं होतं.

वाचनालयाचं म्हणाल तर त्या पाडव्याला मी देणगीची वही दिली, पावसाळ्यात सभासदांचं रजिस्टर, दिवाळीनंतर बँकेची कागदपत्रं. दुर्मीळ पुस्तकांच्या कपाटाची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. बायको विचारते, ती कधी देणार? मी म्हणतो, हंस अजून टेकडीवर आहे. ती म्हणते, “हंसाला सांगा, जोशांच्या मुलानं परवा तिसऱ्यांदा फोन केला होता.”